इलेक्ट्रा: एका दमात ऐकायची शोकांतिका

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहरात म्योन्शबर्ग टेकडीच्या कड्याला लागून एक नाट्यगृह आहे. १६९३ मध्ये तिथल्या आर्चबिशपच्या घोडेस्वारीच्या शाळेसाठी कडा खोदून तीन मजली कमानी कोरल्या गेल्या. कमानींत बसून लोक खालच्या मैदानातले खेळ पाहत. विसाव्या शतकात मांडणी उलटली. प्रेक्षक खाली आले आणि कमानींची ती दगडी भिंत रंगमंचाची पार्श्वभूमी झाली. याच ठिकाणी ७ ऑगस्ट १९५७ रोजी साल्झबुर्ग महोत्सवात जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राऊसचा 'इलेक्ट्रा' हा ऑपेरा सादर झाला. व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदासमोर उभे होते अथेन्समध्ये जन्मलेले संचालक दिमित्री मित्रोपूलोस. प्राचीन ग्रीसमधल्या मायसीनीच्या राजवाड्यातली ही गोष्ट जर्मन भाषेत आणि जर्मन संगीतात गेली होती, त्या रात्री तिची सूत्रं एका ग्रीक माणसाकडे होती. ऑस्ट्रियन रेडिओने तो प्रयोग ध्वनिमुद्रित केला आणि बऱ्याच वर्षांनी ऑर्फेओ या कंपनीने तो बाजारात आणला.

ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचं आहे. काही ठिकाणी वाद्यवृंद गायकांना गिळून टाकतो, बारीक तपशील हरवतात. तरीही 'इलेक्ट्रा' हा ऑपेरा नेमका काय आहे, हे या मुद्रणातून जितकं कळतं तितकं नंतरच्या कितीतरी चकचकीत मुद्रणांतून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी गोष्ट, मग नाटककाराने तिच्यात केलेले बदल, मग संगीत, अशा वाटेने जावं लागेल.

गोष्ट अशी. ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या ग्रीक सैन्याची जहाजं वारा नसल्याने ऑलिस बंदरात अडकली. देवीचा कोप शमवायला सेनापती अ‍ॅगामेम्नॉनने स्वतःची मुलगी इफिजिनिया बळी द्यायला काढली. दहा वर्षांनी तो युद्ध जिंकून परतला तेव्हा त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर ईजिस्थस यांनी त्याला स्नानगृहात कुऱ्हाडीने ठार मारलं. त्याचा लहान मुलगा ओरेस्टिस याला राज्याबाहेर लपवून वाढवण्यात आलं. इलेक्ट्रा आणि क्रायसोथेमिस या दोन मुली राजवाड्यातच राहिल्या. मोठा झालेला ओरेस्टिस परत येतो आणि आईला नि ईजिस्थसला मारतो. एस्किलस, सोफोक्लिस आणि युरिपिडिस या तिन्ही मोठ्या ग्रीक नाटककारांनी ही कथा आपापल्या पद्धतीने मांडली. त्यातली एस्किलसची नाट्यत्रयी इसवीसनपूर्व ४५८ मधली आहे.

ऑपेऱ्याचा आधार सोफोक्लिसचं नाटक आहे, पण मधे एक माणूस उभा आहे: व्हिएन्नाचा कवी ह्युगो फॉन हॉफमन्स्थाल. त्याने सोफोक्लिसवरून स्वतःचं 'इलेक्ट्रा' नाटक लिहिलं आणि १९०३ मध्ये माक्स राइनहार्टने ते बर्लिनमध्ये रंगमंचावर आणलं. गेर्ट्रूड आयसोल्ट ही अभिनेत्री इलेक्ट्रा झाली होती. स्ट्राऊसने हे नाटक पाहिलं आणि त्याला त्यात ऑपेरा दिसला. पण तो काही काळ अडखळला. नुकताच त्याचा 'सालोमे' येऊन गेला होता. तिथेही एक झपाटलेली तरुणी, एकच अंक, शेवटी मृत्यू. दोन्ही विषय फार जवळचे आहेत, अशी त्याची शंका होती. हॉफमन्स्थालने पत्रातून त्याची समजूत घातली की दोन्हींचे रंगच वेगळे आहेत: 'सालोमे'मध्ये जांभळा नि गडद तांबडा, 'इलेक्ट्रा'मध्ये रात्र आणि प्रकाश, काळोख आणि लख्ख उजेड. त्या पत्रव्यवहारातून जी जोडी जमली ती हॉफमन्स्थाल १९२९ मध्ये जाईपर्यंत टिकली. साल्झबुर्ग महोत्सवाच्या १९२० मधल्या स्थापनेतही हे दोघं आणि राइनहार्ट होते. म्हणजे १९५७ च्या त्या रात्री 'इलेक्ट्रा' परक्या दारी आलेला पाहुणा नव्हता, महोत्सव उभारणाऱ्यांचंच ते काम होतं.

हॉफमन्स्थालने सोफोक्लिसमध्ये जे बदल केले, त्यांत या ऑपेऱ्याची किल्ली आहे. त्याने कोरस, म्हणजे घटनांवर भाष्य करणारा ग्रीक नाटकातला समूह, काढून टाकला. देवांना जवळजवळ हद्दपार केलं. सोफोक्लिसकडे ओरेस्टिसला अपोलोचा कौल मिळालेला असतो, इथे तो आधार उरत नाही. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे इफिजिनियाच्या बळीचा उल्लेखच येत नाही. मूळ कथेत क्लायटेम्नेस्ट्राच्या खुनामागे एका आईचा आकांत असतो. आपल्या मुलीला मारणाऱ्या नवऱ्याला तिने मारलेलं असतं. तो धागा कापल्यावर ती नुसती अपराधी उरते, झोप उडालेली, अंगभर ताईत आणि रत्नं लादलेली, स्वप्नांना घाबरणारी. मला हा निर्णय क्रूर वाटतो, पण नाट्याच्या दृष्टीने तो अचूक आहे. न्याय कुणाच्या बाजूला, हा वाद इथे चालवायचाच नाही. एका घरात घडलेला खून त्या घरात राहणाऱ्या तीन स्त्रियांच्या मनाचं काय करतो, एवढंच पाहायचं आहे.

काळ लक्षात घ्या. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरचा ग्रंथ १८९५ चा, फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक १९०० सालचं, आणि दोन्ही व्हिएन्नातली. हॉफमन्स्थालने हिस्टेरियावरचा ग्रंथ वाचलेला होता. न विसरता येणारी एक घटना आणि तिच्याभोवती गोठलेलं आयुष्य, ही त्याच्या इलेक्ट्राची व्याख्याच आहे. (मुलीच्या बापाकडच्या ओढीसाठी 'इलेक्ट्रा कॉम्प्लेक्स' हा शब्दप्रयोग मानसशास्त्रज्ञ युंगने १९१३ मध्ये केला, ऑपेऱ्याच्या नंतर. त्यामुळे ऑपेरा त्यावर बेतलेला आहे असं समजू नये.)

इलेक्ट्रा काय करते? खरं सांगायचं तर काहीच नाही. ती वाट पाहते. बापाला मारलेली कुऱ्हाड तिने पुरून ठेवली आहे. रोज त्याच वेळेला ती बापाच्या नावाने आक्रोश करते. बहीण क्रायसोथेमिस तिला विनवते, मला इथून बाहेर पडायचंय, लग्न करायचंय, मुलं हवीत, म्हातारी व्हायच्या आत जगायचंय. इलेक्ट्राला ते कळतच नाही. ओरेस्टिस मेल्याची खोटी बातमी येते तेव्हा ती स्वतःच खून करायचं ठरवते, बहिणीची मदत मागते, बहीण पळून जाते, मग ती एकटीच नखांनी माती उकरू लागते. आणि ओरेस्टिस खरोखर येऊन आत जातो, तेव्हा तिच्या लक्षात येतं की इतकी वर्षं जपलेली कुऱ्हाड त्याला द्यायची राहूनच गेली. सूडासाठी जगलेल्या या मुलीचा सुडाच्या कृतीत हात शून्य आहे. हॉफमन्स्थालची ही जागा मला या सगळ्या नाटकातली सर्वांत निर्दय आणि सर्वांत खरी वाटते.

आता 'एक्स्प्रेशनिझम'कडे वळू. जर्मन कलेतल्या या प्रवाहाचं सूत्र साधं आहे: बाहेरचं जग जसं दिसतं तसं दाखवायचं नाही, आतून जे जाणवतं त्याने बाहेरच्या जगाचा आकारच वाकवायचा. भीती असेल तर रस्ता वाकडा होतो, आकाश तांबडं होतं, चेहरा कवटीसारखा दिसतो. या प्रवाहातला 'दी ब्र्युके' हा चित्रकारांचा गट १९०५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये स्थापन झाला. त्याच साली, त्याच शहरात 'सालोमे'चा पहिला प्रयोग झाला आणि २५ जानेवारी १९०९ रोजी 'इलेक्ट्रा'चाही. ही गाठ ठरवून पडलेली नव्हती. स्ट्राऊस काही चळवळीचा माणूस नव्हता; गार्मिशच्या आपल्या बंगल्यात शिस्तीने काम करणारा, व्यवहारचतुर, घरगुती गृहस्थ होता. म्हणून काही अभ्यासक त्याला एक्स्प्रेशनिस्ट म्हणायला तयार नसतात. पण 'इलेक्ट्रा' ऐकताना तो वाद मागे पडतो. त्याच १९०९ मध्ये संगीतकार शोनबर्गने 'एर्व्हार्टुंग' लिहिला, एकाच स्त्रीचा अर्ध्या तासाचा भयस्वप्नासारखा ऑपेरा, आणि दोन्ही कामं एकाच काळाची अपत्यं आहेत हे कान लगेच ओळखतात. पुढे १९२६ मध्ये संगीतकार क्रेनेकचा, चित्रकार कोकोश्काच्या शब्दांवरचा 'ऑर्फियस आणि युरिडिसी' रंगमंचावर आला, तोही ग्रीक कथेचा असाच धगधगता अवतार आहे.

आता संगीत. आपल्या संगीत नाटकात गद्य चालू असतं आणि मध्येच पद येतं. श्रोता पदाची वाट पाहतो, दाद देतो, वन्समोअर मागतो. 'इलेक्ट्रा'मध्ये असं काही हाती लागत नाही. मध्यंतर नाही, सुटी गाणी नाहीत, टाळ्यांसाठी जागा नाही. पडदा वर जातो आणि साधारण एक तास चाळीस मिनिटांनी खाली येतो. प्रस्तावनाही नाही. पहिल्या क्षणी अख्खा वाद्यवृंद डी मायनर या गडद छटेच्या स्वरगटात चार स्वरांचा घाव घालतो. ते चार स्वर म्हणजे 'अ‍ॅ-गा-मेम्-नॉन' ही चार अक्षरं. मेलेल्या राजाचं नाव कुणी उच्चारायच्या आधी वाद्यं उच्चारतात. तो राजा रंगमंचावर कधीच येत नाही, पण हे चार स्वर शेवटपर्यंत सगळीकडे पसरलेले असतात. पुढे इलेक्ट्रा एकटी राहते आणि स्वतः ते नाव गाते, तेव्हा तुम्हाला ते आधीच पाठ झालेलं असतं.

वाद्यवृंद प्रचंड आहे, शंभराच्या वर वादक. व्हायोलिनचे नेहमीप्रमाणे दोन नाही तर तीन गट, व्हायोलांचेही तीन. आठ हॉर्न, त्यांतले चार वादक मध्ये मध्ये वाग्नर ट्यूबा हे जड आवाजाचं पितळी वाद्य घेतात. ओबोच्या जातीचं पण खोल, घोगऱ्या आवाजाचं हेकलफोन, क्लॅरिनेटचे निरनिराळे प्रकार, ट्रम्पेट सहा. इतकं सगळं केवळ मोठ्या आवाजासाठी नाही. क्लायटेम्नेस्ट्राच्या प्रवेशात हाच वाद्यवृंद कितीतरी वेळ हलक्या, कुजबुजत्या, बोचऱ्या आवाजात वाजतो आणि त्या कुजबुजीतच सगळी भीती असते.

इथे स्वरांच्या रचनेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक या ऑपेऱ्याला 'कर्कश' म्हणून मोकळे होतात ते याच ठिकाणी. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकत्र वाजतात आणि त्यांचे गठ्ठे, म्हणजे कॉर्ड, एका मूळ स्वराकडे ओढले जातात. ऐकणाऱ्याला नकळत कळत असतं की आपण घरापासून किती दूर आलोत. इलेक्ट्राची ओळख म्हणून स्ट्राऊसने जो कॉर्ड वापरला, त्यात खाली ई मेजर आहे आणि त्याच वेळी वर सी शार्प मेजर. दोन तंबोरे वेगवेगळ्या षड्जांत लावून एकत्र छेडावेत, तसं. प्रत्येक जण आपल्या जागी शुद्ध आहे, पण एकत्र आल्यावर कानाला पाय ठेवायला जमीन मिळत नाही. ही इलेक्ट्राची मनःस्थितीच आहे. उलट क्रायसोथेमिस जगण्याबद्दल बोलू लागली की संगीत एकदम रुंद, उबदार, जवळजवळ नाचरं होतं. तिला घर हवंय, आणि तिच्या संगीताला ते ठाऊक आहे. क्लायटेम्नेस्ट्राच्या वाट्याला मात्र धड कुठलंच घर येत नाही. ती मुलीला विचारते, 'मला चांगल्या रात्री मिळत नाहीत. स्वप्नांवर तुला काही उपाय ठाऊक नाही का?' त्या वेळी स्वर जिथे जातात, तिथे त्या काळापर्यंत फार थोडे संगीतकार गेले होते. स्वतः स्ट्राऊसने नंतर लिहिलं की 'सालोमे' आणि 'इलेक्ट्रा' या दोन ऑपेऱ्यांत तो स्वरसंगतीच्या, आणि त्या काळच्या कानांना जे पेलेल त्याच्याही, टोकाला गेला होता. त्यानंतर तो मागे वळला. त्याचा पुढचा ऑपेरा, १९११ चा 'डेर रोझनकाव्हालियर', वॉल्ट्झने भरलेला आहे. त्याची चाहूल 'इलेक्ट्रा'तच लागते: ईजिस्थसला मरणाच्या दारात नेताना इलेक्ट्रा मशाल धरून त्याच्यापुढे चालते, आणि त्या खोट्या आदबीखाली वाद्यवृंद गोडसर, डोलणाऱ्या ठेक्यात वाजू लागतो.

मग तो एक प्रसंग येतो, ज्यासाठी मी हा ऑपेरा पुन्हा पुन्हा ऐकतो. अनोळखी पाहुणा आला आहे. ओरेस्टिस मेला असं तो सांगतो. खाली गंभीर, जड पितळी वाद्यांचे मंद कॉर्ड. इलेक्ट्रा त्याला हाकलू पाहते. तेवढ्यात राजवाड्यातला एक वृद्ध नोकर आणि त्याच्या मागून आणखी तिघे येऊन त्याच्यापुढे झुकतात. ती विचारते, तू कोण? तो म्हणतो, 'अंगणातली कुत्री मला ओळखतात, आणि माझी बहीण ओळखत नाही?' तिची किंकाळी, 'ओरेस्टिस!', आणि तिच्यासोबत वाद्यवृंदाचा स्फोट. पण त्यानंतर जे येतं ते अपूर्व आहे. गोंधळ हळूहळू ओसरतो आणि संपूर्ण ऑपेऱ्यात पहिल्यांदाच इलेक्ट्रा मृदू, लांब, श्वासभर स्वरांत गाते. या विसाव्यासाठी हॉफमन्स्थालच्या मजकुरात पुरेशी जागा नव्हती. स्ट्राऊसने पत्र लिहून मुद्दाम जास्तीच्या ओळी मागून घेतल्या, कारण त्या किंकाळीनंतर त्याला थांबायचं होतं. तासभर ताणलेली दोरी इथे सैल पडते. तो तास पूर्ण ऐकला नसेल, तर हे सैल पडणं नुसतं एक सुंदर गाणं वाटतं.

ध्वनिमुद्रणाचा प्रश्न इथेच उभा राहतो. स्टुडिओत ऑपेरा तुकड्यांत घेतात. अवघड प्रवेश ताज्या आवाजात, आज एक, उद्या एक. चुकला तर पुन्हा. मग फीत कापून जोडतात. मायक्रोफोनची जागा अशी निवडतात की गायक कायम पुढे राहावा. बहुतेक ऑपेऱ्यांना याचा फायदाच होतो. 'इलेक्ट्रा'लाही काही बाबतीत होतो. संचालक गेओर्ग सोल्टींचं डेका कंपनीसाठी केलेलं, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं व्हिएन्नाचं मुद्रण घ्या. त्यात बिरगिट निल्सन इलेक्ट्रा आहे, आणि एरवी प्रयोगात कापले जाणारे भागही त्यात पूर्ण आहेत. वाद्यवृंदाचा एकेक थर वेगळा ऐकू येतो. स्वरलिपी समोर ठेवून अभ्यास करायचा असेल तर ते उत्तम.

पण या ऑपेऱ्याचा विषय वाट पाहणं आहे, आणि वाट पाहणं कापून जोडता येत नाही. इलेक्ट्रा एकदा रंगमंचावर आली की जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच असते. पहिलं एकल गायनच नऊ-दहा मिनिटांचं. मग बहीण, मग आई, पुन्हा बहीण, मग भाऊ, मग ईजिस्थस, मग शेवटचा नाच. गाणाऱ्या बाईची ताकद खरोखर संपत येते, आणि ती कशी वाटून घ्यायची याचा हिशेब तिला चालू प्रयोगात करावा लागतो. सलग प्रयोगाच्या मुद्रणात तुम्ही हा हिशेब ऐकता. शेवटाकडे आवाजावर आलेला ओरखडा हा दोष राहत नाही. त्या पात्राचं शरीर झिजत असतं आणि ते आपल्या कानांवर येतं. वाद्यवृंदाखाली गायक बुडणं, हेही स्ट्राऊसच्या नाट्यगृहात खरोखर घडणारं आहे. या बाईला तिच्यापेक्षा मोठी कुठलीतरी गोष्ट गिळते आहे, हे तिथे कल्पनेने समजून घ्यावं लागत नाही.

१९५७ ची इलेक्ट्रा इंगे बोर्क. ती आधी नाटकाची अभिनेत्री होती, नंतर गायिका झाली, आणि ते प्रत्येक शब्दात जाणवतं. तिचा आवाज निल्सनसारखा पोलादी नाही. त्यात थोडी थरथर आहे, गरमी आहे. बापाला हाक मारताना ती मुलगी वाटते, राक्षसीण नाही. क्लायटेम्नेस्ट्रा झालेली अमेरिकन गायिका जीन मदीरा हिचा आवाज गडद, खोल, भारदस्त आहे. या भूमिकेत कितीतरी गायिका किंचाळतात, खिदळतात, म्हातारपणाची नक्कल करतात, मदीरा गाते. राणी अजून राणी आहे, म्हणून तिची भीती जास्त भिववते. क्रायसोथेमिस म्हणजे लिसा देला कासा, स्ट्राऊसच्या उजळ, अलवार नायिकांसाठी ओळखली जाणारी स्विस गायिका. बोर्कच्या शेजारी तिचा आवाज आला की दोन बहिणींमधलं अंतर शब्द न कळताही कळतं. ओरेस्टिसच्या भूमिकेत सहसा बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीचा पुरुषी आवाज असतो, इथे कुर्ट ब्योमे हा त्याहून खालच्या आवाजाचा बास गायक आहे, आणि तो आला की जमिनीखालून कुणी बोलतंय असं वाटतं. ईजिस्थस झालाय माक्स लोरेन्त्स, १९३० च्या दशकात वाग्नरच्या ऑपेऱ्यांचा बायरॉइथ महोत्सव गाजवलेला टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक. भूमिका काही मिनिटांचीच, पण एके काळच्या वीरनायकाचा तो थकलेला आवाज त्या उसन्या राजाला बरोबर बसतो.

आणि मित्रोपूलोस. स्वरलिपी समोर न ठेवता, पाठ असलेलं संगीत चालवण्यासाठी ते प्रसिद्ध होते. हा ऑपेरा त्यांनी १९४९ मध्ये न्यूयॉर्कला मैफलीच्या रूपात केला होता, नंतर फ्लॉरेन्समध्येही. साल्झबुर्गला ते आले तेव्हा साठी ओलांडलेली होती आणि हातात अजून तीनच वर्षं होती. १९६० मध्ये मिलानच्या ला स्कालात मालरच्या सिम्फनीची तालीम घेत असतानाच ते गेले. त्यांच्या 'इलेक्ट्रा'त वेग सारखा बदलत राहतो, पण दोर कधी सुटत नाही. मातीतून कुऱ्हाड उकरण्याचा प्रसंग ऐका: खालच्या तंतुवाद्यांची ती आंधळी, फिरून फिरून त्याच जागी येणारी खरवड. तिथे ते घाई करत नाहीत. इलेक्ट्राच्या हाताला काही लागत नाहीये, हे आपल्याला मिनिटभर सोसायला लावतात.

तुलना करायची सोयही आहे. बोर्क आणि मदीरा या दोघींनी तीनच वर्षांनी, १९६० मध्ये, ड्रेस्डेनमध्ये हाच ऑपेरा कार्ल ब्योमच्या संचालनाखाली स्टुडिओत गायला, आणि तोही जिथे 'इलेक्ट्रा' पहिल्यांदा वाजला त्याच वाद्यवृंदासोबत. ब्योम हा स्ट्राऊसच्या जवळचा माणूस. 'डाफ्ने' हा ग्रीक कथेवरचाच ऑपेरा स्ट्राऊसने त्याला अर्पण केला आहे. ते मुद्रण स्टिरिओ, स्वच्छ आणि अतिशय सुंदर आहे. दोन्हींतला राणी आणि मुलगी यांचा प्रवेश लागोपाठ ऐका. ड्रेस्डेनमध्ये दोघी नेमक्या आहेत. साल्झबुर्गमध्ये त्या एकमेकींना घाबरतात. आई जवळ सरकते, मुलगी कोड्यात बोलते, बळी कोण, कुठे, कधी, आणि शेवटी उत्तर सांगते: बळी तूच. तिथे बोर्क स्वर थोडा सोडते, शब्द धरते. स्टुडिओत अशी घेतलेली फीत बहुधा पुन्हा घेतली गेली असती.

या ऑपेऱ्याच्या गायिकांच्या आयुष्यातही एक वेगळीच साखळी आहे. लिओनी रिझानेक वर्षानुवर्षं क्रायसोथेमिस गायली. १९८१ मध्ये ब्योमच्या संचालनाखालच्या चित्रपटासाठी तिने इलेक्ट्रा गायली, जी तिने रंगमंचावर कधीच केली नाही. आणि उतारवयात क्लायटेम्नेस्ट्रा. त्याच चित्रपटातली क्लायटेम्नेस्ट्रा आस्ट्रिड वार्ने, जी १९४९ मध्ये मित्रोपूलोसच्या न्यूयॉर्कच्या मैफलीत आणि १९६४ मध्ये साल्झबुर्गला संचालक कारायानसोबत इलेक्ट्रा होती. मुलगी म्हणून जो शाप उच्चारला, तोच काही वर्षांनी आई म्हणून ऐकायचा. अशा गायिकेची राणी ऐकताना समोरच्या मुलीचा एकेक स्वर तिला आतून ठाऊक आहे, हे जाणवत राहतं.

शेवट सोफोक्लिसचा नाही, हॉफमन्स्थालचा आहे. आतून क्लायटेम्नेस्ट्राची किंकाळी येते. इलेक्ट्रा ओरडते, 'पुन्हा मार!' ही हाक मात्र थेट सोफोक्लिसकडून आलेली. मग ईजिस्थस मरतो, राजवाड्यात जल्लोष सुरू होतो, क्रायसोथेमिस धावत येते: ऐकू येत नाहीये का तुला? इलेक्ट्रा म्हणते, 'संगीत मला ऐकू येत नाही का? ते तर माझ्यातूनच येतंय.' आणि ती नाचू लागते. सोफोक्लिसची इलेक्ट्रा जिवंत राहते. ही नाचता नाचता कोसळून मरते, कारण वाट पाहण्याखेरीज हिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. क्रायसोथेमिस राजवाड्याच्या दारावर धक्के मारत भावाला हाक मारते. उत्तर येत नाही. वाद्यवृंद मात्र सी मेजरमध्ये, सगळ्यांत उजळ स्वरात संपतो, त्यात मध्येच ई फ्लॅट मायनरचे काळे घाव घालत. हा विजय आहे की नाही, यावर शंभराहून अधिक वर्षं भांडण चालू आहे. दिग्दर्शक पात्रीस शेरोने २०१३ मध्ये फ्रान्समधल्या एक्सां-प्रोव्हान्सच्या महोत्सवात केलेल्या प्रयोगात एव्हलिन हेर्लिट्सियसची इलेक्ट्रा मरतच नाही, नुसती बसून राहते. काम संपल्यावर जगायचं कसं, हे तिला कळत नाही. मला तो अर्थ मूळ मृत्यूपेक्षाही कठोर वाटतो.

सुरुवात कुठून करायची? जर्मन येत नसेल तर आधी शेरोचा तो प्रयोग चित्रफितीवर उपशीर्षकांसह पाहा. एसा-पेक्का सालोनेनचं संचालन आहे, वाल्ट्राउड मायर राणी आहे, आणि माणसं माणसांसारखी वागतात, त्यामुळे कोण कोणाला काय म्हणतंय ते पक्कं होतं. मग संहितेचा इंग्रजी अनुवाद एकदा वाचून काढा. तासाभराचं काम आहे. त्यानंतर १९५७ चं मुद्रण लावा, हेडफोनवर लावलंत तर शब्द जास्त कळतील. आवाज सुरुवातीला ठेवाल तेवढाच शेवटपर्यंत राहू द्या, हलक्या जागा वाढवू नका आणि मोठ्या जागा कमी करू नका. पहिली सात-आठ मिनिटं दासींच्या भांडणात गोंधळल्यासारखं होईल. तिथे एवढंच लक्षात ठेवा की पाचपैकी एकच दासी इलेक्ट्राची बाजू घेते आणि तिला त्यासाठी आत नेऊन मारतात. त्यानंतर अंगण रिकामं होतं आणि इलेक्ट्रा एकटी गाऊ लागते. तिथून मात्र मध्ये थांबवू नका.